सहावं मशीन

"जाळीवर आधी गोणपाट टाक, त्यावर वाळूचं पोतं. नुसतं पोतं ठेवलंस तर पाणी कडेनं वर येतंय."

आई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून सांगत होत्या आणि मी खाली तळघरात साडी खोचून मोरीच्या जाळीपुढं उकिडवी बसले होते.

"पण आई, नदी तर केवढी लांब आहे."

"नदी दारातनं येत नाही बाई. आधी मोरीतनं येते. दारातनं येईल तेव्हा सगळं संपलेलं असतंय."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळं नऊ पायऱ्या उतरणं त्यांना जमत नव्हतं, पण सांगलीतले तीन पूर त्यांनी पाहिलेले होते. मी निपाणीची. आमच्याकडं पाणी उतरून जातं, चढत नाही. लग्न होऊन मला अकरा महिने झाले होते आणि तो माझा या घरातला पहिला पावसाळा होता.

सकाळपासून रिक्षा भोंगा लावून कॉलनीत फिरत होती. धरणातून पाणी सोडलंय, पुलाखालची पातळी वाढतेय, सखल भागातल्या लोकांनी सामान हलवावं. आमचा प्लॉट रस्त्यापेक्षा खाली, म्हणून घर बांधताना जोतं उंच घेतलेलं आणि त्या उंचीत तळघर काढलेलं. घराच्या बाजूनं उतरायला दगडी पायऱ्या, खाली लोखंडी दार, दाराला मोठं कुलूप. निम्म्या भागात जोंधळ्या-गव्हाची पोती, इन्व्हर्टर, लोणच्याच्या बरण्या. उरलेल्या निम्म्या भागात त्रिशला.

म्हणजे तिचा शिवणक्लास. त्रिशला माझ्या नवऱ्याची पहिली बायको. माझ्या लग्नाआधी दोन वर्षं ती पोटाच्या आजारानं गेली होती. पण तळघरात उतरलं की वाटायचं, ती आत्ताच चहाला वर गेली आहे. भिंतीला लागून सहा पायमशिनं, प्रत्येकावर लाकडी झाकण. कापणीचं लांबलचक टेबल. दोरीवर चिमट्यांनी अडकवलेली कागदी कापणी, बाही, पाठ, गळा. आणि समोरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं, 'पाठ नववा : बाहीचा मुंढा', त्याखाली मापं. अक्षर गोल, देखणं. ते पुसायचं नाही असा घरात नियम होता. कुणी तोंडानं सांगितलेला नव्हता, पण होता.

दर रविवारी दुपारी जेवण झालं की सुकुमार, माझा नवरा, तेलाची बाटली घेऊन खाली जायचा. तासभर मशिनांना तेल घालायचा. मी वर पलंगावर पडून ऐकत असायची. एकेका मशिनाचं चाक तो फिरवून बघायचा, त्याची घरघर माझ्या पाठीखालून यायची. शेवटची घरघर थांबली की तो वर यायचा, हात धुवायचा आणि चहा मागायचा. बोलायला वागायला तो वाईट नव्हता. पण त्या एका तासात जो माणूस खाली असायचा, तो मला कधी भेटला नाही.

लोक तर विचारूच नका. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, गेले की बायका माझ्या ब्लाउजकडं बघायच्या. "खांद्यात जरा चुकलाय गं. त्रिशला असती तर एका टाक्यात सरळ केला असता." रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तर, "हां, त्रिशलाताईंच्या क्लासचं घर." आई स्वतः चांगल्या, पण घाईत हाक मारताना दोनदा तरी "त्रि..." म्हणून थांबायच्या आणि मग "पद्मजा" म्हणायच्या. ते थांबणं मला हाकेपेक्षा जास्त लागायचं.

त्या दिवशी सुकुमार गावात नव्हता. तो हळदीचा दलाल. सौद्यासाठी आठवड्यापूर्वी निजामाबादला गेलेला आणि परतीच्या वाटेवर अडकलेला. रस्ते बंद झाले होते. अकराच्या सुमारास त्याचा फोन आला.

"पाणी कुठवर आलंय?"

"अजून कॉलनीत नाही. पण सांगतायत येईल म्हणून."

"हे बघ, मार्केटमधनं दोन हमाल पाठवतोय. पहिल्यांदा मशिनं वर काढून घे. सहाच्या सहा. हॉलमध्ये ठेव. मग ती कागदी कापणी, ती नीट उतरव, फाडू नको. फळा निघाला तर बघ. मग धान्य."

"आणि?"

"आणि काय?"

मला वाटलं होतं, तो म्हणेल, तू घाबरली आहेस का. तू पूर कधी बघितलेला नाहीस. एवढंच. पण तो म्हणाला, "मशिनं उचलताना खालच्या लोखंडी पायाला धरायला सांग. वरचं लाकूड धरलं तर निखळतंय. त्रिशलाला ते अजिबात चालायचं नाही."

चालायचं नाही. जणू ती संध्याकाळी येऊन बघणार होती.

"बरं," मी म्हणाले.

हमाल आले. दोघंही दणकट. तासाभरात त्यांनी धान्याची पोती व्हरांड्यात आणून रचली, इन्व्हर्टर वर घेतला, बरण्या घेतल्या, गॅसची जादा टाकी तरंगू नये म्हणून वरच्या खांबाला बांधली. मग एकानं कमरेवर हात ठेवून विचारलं, "आणि ही मशिनं, वहिनी?"

मी फळ्याकडं बघत उभी होते. 'बाहीचा मुंढा.'

"ती राहू देत," मी म्हणाले.

"पाणी आलं तर गंजतील की."

"राहू देत म्हटलं ना. साहेब आले की बघतील."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा वर गेला असावा. ते दोघं एकमेकांकडं बघून निघून गेले. मी दार ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच मला त्या घरात एक काम माझ्या मनासारखं झाल्यासारखं वाटलं. तिचं काय होईल ते पाणी ठरवेल. माझ्याकडं कुणी बोट दाखवणार नाही.

दुपारी त्याचा पुन्हा फोन आला. "काढली?"

"काढली," मी म्हणाले.

"सहाही?"

"हो, सहाही."

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की तो मला फोनमधून ऐकू आला. मग म्हणाला, "पद्मजा, बरं केलंस." माझं नाव त्यानं इतक्या मायेनं कधी घेतलं नव्हतं. ते घेतलं तेसुद्धा तिच्यासाठी. फोन ठेवल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याबरोबर जो राग आला, तो आजही मला आठवतो.

साधारण तीनला फाटक वाजलं. दोन बायका, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. एक लता गुरव, पुढच्या गल्लीच्या चढावर राहणारी. तिला मी ओळखत होते. दुसरी उंच, डोक्यावरून ओढणी घेतलेली. फाटकाबाहेर रिकामा हातगाडा उभा होता.

"वहिनी," लता म्हणाली, "ही बिल्कीस. आम्ही दोघी ताईंच्या क्लासच्या. दादा गावाला आहेत असं कळलं, म्हटलं मशिनं वर काढायला हात लावू."

ताई. म्हणजे तीच. मी व्हरांड्यात धान्याच्या पोत्यांपुढं उभी होते. त्या खालच्या पायरीवर, पावसात. कुणी बोलावलेलं नसताना या बायका पावसापाण्यातून चालत आल्या होत्या, एका मेलेल्या बाईच्या मशिनांसाठी. मी उद्या मेले तर माझ्या कुठल्या वस्तूसाठी कोण असं येईल, असा विचार माझ्या मनात आला.

"किल्ली नाही," मी म्हणाले. "किल्ली ते घेऊन गेलेत."

लतानं पोत्यांकडं बघितलं. बिल्कीस एक पायरी चढून वर आली.

"वहिनी, त्यातलं एक..."

"सांगितलं ना, किल्ली नाही. आता काय कुलूप फोडायचं आहे का?"

"तसं नव्हं. माझं म्हणणं एवढंच की..."

"सासूबाई आत पडल्यात. आवाज नको."

तिनं माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्याकडं आणि मग खाली. मी पदर पुढं ओढून घेतला. मग तिनं ओढणी सारखी केली, "बरं वहिनी, येतो," म्हणाली आणि दोघी हातगाडा ढकलत निघून गेल्या. चाकं डबक्यांतून फराफरा आवाज करत होती. तो आवाज वळणावर जाईपर्यंत मी उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास आईंनी सांगितलं होतं तसंच झालं. नदी मोरीतून आली. तळघराच्या झरोक्यातून मी खाली वाकून बघितलं तर वाळूचं पोतं बाजूला सरकलेलं आणि जाळीतून पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. अर्ध्या तासात मशिनांचे पाय बुडाले. दहापर्यंत रस्त्यावरचं पाणी फाटकातून आत आलं आणि पायऱ्यांवरून खळाळत खाली उतरलं. आम्ही मेन स्विच बंद केला. आई देव्हाऱ्यापुढं माळ घेऊन बसल्या. मी खिडकीत.

कॉलनीत नाव फिरत होती. आम्हाला बोलावलं, पण पाणी व्हरांड्याच्या खाली दोन पायऱ्यांवर येऊन थांबलं होतं आणि आईंना नावेत उतरवणं कठीण होतं. आम्ही राहिलो. प्यायचं पाणी भरून ठेवलेलं होतं, चुरमुरे होते, डाळ-तांदूळ होते. दिवस मावळायच्या आत दोघी जेवून घेत होतो.

आणि मग तो आवाज सुरू झाला. टक्. जरा वेळानं, टक् टक्. जमिनीखालून. माझ्या पलंगाच्या अगदी खाली.

"काय वाजतंय ते?" आईंनी विचारलं.

मला कळलं होतं. मशिनांची लाकडी झाकणं तरंगून वर आली होती आणि तळघराच्या छताला धडकत होती. पाणी हललं की टक्. नाव गेली की टक् टक् टक्.

"बरण्या असतील," मी म्हणाले.

"बरण्या वर आणल्यास की तू."

आईंनी माळ पुन्हा सुरू केली. दोन दिवस, भर दुपारी, लख्ख उजेडात ते कुणीतरी दार वाजवल्यासारखं वाजत राहिलं. मला वाटलं होतं, ती एकदा बुडली की मी मोकळी होईन. पण त्या दोन दिवसांइतकी ती त्या घरात कधीच नव्हती.

शनिवारी पाणी ओसरायला लागलं. रविवारी सकाळी सुकुमार आला, अर्धा रस्ता ट्रकनं, अर्धा चालत. गुडघ्यापर्यंत चिखल. हॉलमध्ये आला, इकडं तिकडं बघितलं. हॉल रिकामा होता.

"मशिनं कुठं ठेवलीस? माडीवर?"

उत्तर आतल्या खोलीतून आलं.

"मशिनं खालीच आहेत," आई काठी टेकत बाहेर आल्या. "मीच म्हटलं राहू देत. मला वाटलं नव्हतं पाणी एवढं चढेल."

"पण फोनवर ही म्हणाली..."

"तेही मीच सांगितलं तिला, तसं म्हण म्हणून. तू तिकडं वाटेत अडकलेला, जिवाला लावून घेशील. माझं चुकलं. मला बोल काय बोलायचं ते."

तो आईला काय बोलणार? खाली गेला. पाणी अजून छातीएवढं होतं. पायऱ्यांवर तसाच बसून राहिला.

मी स्वयंपाकघरात गेले तर आई माझ्यामागं आल्या. त्यांनी दार लोटलं.

"आई, तुम्ही का..."

"एक सून मी स्मशानात पोचवली. दुसरी काय मशिनांपायी घालवू?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण ऐक. त्या दोघी आल्या होत्या, त्यांना तू काय सांगितलंस ते मी पडल्या पडल्या ऐकलंय. ते मला झाकता यायचं नाही. ते तुझं तू बघ."

पाणी एकदम उपसायचं नाही, असं शेजारच्या मिस्त्रीनं सांगितलं. भोवतालची जमीन भिजून फुगलेली, आतलं पाणी एकदम काढलं तर भिंती आत येतील. म्हणून रोज दोन फूट. पंप भाड्यानं आणला. तीन दिवस तो घरघरत राहिला आणि सुकुमार त्याच्या शेजारी बसून राहिला. बुधवारी तळ दिसला. वीतभर गाळ, काळा, चिकट, गटाराचा वास. टेबल मोडलेलं. कागदी कापणीचा लगदा भिंतींना चिकटलेला. मशिनं गाळात पाय रोवून उभी, चाकांवर तांबडा गंज. फळा जागेवर होता. कोरा. त्यावर फक्त चिखलाची आडवी रेघ.

त्या कोऱ्या फळ्याची मी अकरा महिने वाट बघितली होती. बघून मला काही वाटलं नाही. मी घमेलं उचललं.

आम्ही घमेल्यांनी गाळ काढत होतो तेव्हा वर पावलं वाजली. बिल्कीस पायऱ्या उतरून आली. तिचे हात कोपरापर्यंत चिखलाचे होते. ती तिच्या घरातला गाळ काढता काढता आली होती.

"दादा," ती म्हणाली, "माझं मशीन कितपत गेलंय?"

मी घमेलं खाली ठेवलं.

सुकुमार उठला. "गेलं गं. सगळीच गेली. तुझं ते कडेचं, त्याचं चाक तरी फिरतंय. पण तू का नाही नेलंस? पाणी यायच्या आधी येऊन न्यायचं की."

मग मला कळलं. सहापैकी पाचच मशिनं त्रिशलाची होती. सहावं बिल्कीसचं. तिचं घर नदीकाठच्या वस्तीत, दर पावसाळ्यात पाणी शिरायचं, म्हणून त्रिशला असल्यापासून ती जूनमध्ये मशीन आमच्या तळघरात आणून ठेवायची आणि दसऱ्याला न्यायची. यंदा आणलं तेव्हा मी माहेरी होते, आणि पाचाची सहा झालेली मला कळलीच नव्हती. मधले महिने हातानं काजं-बटणं करायची. पुराची शंका आली की येऊन हलवायची. तिच्या नवऱ्याला काम नव्हतं. दोन मुली शाळेत. त्या मशिनावर ते घर चालायचं. आणि जूनपासून दर रविवारी सुकुमार त्या सहाव्या मशिनाला तेल घालत असताना मी वर पडून दात खात होते.

"आलो होतो की दादा," बिल्कीस म्हणाली. "मी आणि लता. हातगाडा घेऊन. वहिनी म्हणाल्या..."

ती थांबली. माझ्याकडं बघून थांबली. तिनं पुढं काही सांगितलं नसतं, याची मला आजही खात्री आहे.

"काय म्हणाल्या?" सुकुमारनं विचारलं.

वर आईंची काठी वाजली नाही. त्यांनी सांगितलंच होतं.

"मी म्हणाले किल्ली नाही," मी म्हणाले. "किल्ली होती. माझ्या कमरेला होती. आणि आईंनी काही सांगितलं नव्हतं. हमाल विचारत होते मशिनं काढू का म्हणून, मीच नको म्हटलं."

"का?"

त्यानं ओरडून विचारलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यानं अगदी साधं विचारलं, खरंच कळत नसल्यासारखं.

"मला ती बुडायला हवी होती," मी म्हणाले.

मी मशिनांबद्दल बोलत नव्हते, हे त्याला कळलं. त्यानं हातातलं खोरं भिंतीला टेकवलं आणि तो पायऱ्या चढून गेला. फाटक वाजलं.

तळघरात मी आणि बिल्कीस. मी तिच्याकडं बघू शकत नव्हते.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले. "तू त्या दिवशी माझ्या कमरेकडं बघितलंस."

"दिसली होती किल्ली."

"मग बोलली का नाहीस? कुलूप फोडायचंस. भांडायचंस."

"दुसऱ्याच्या दारात उभं राहून काय भांडायचं, वहिनी?" ती म्हणाली. आवाजात दया नव्हती. राग होता, तो तिनं दाबलाही नव्हता. "माझ्या पोरींची फी त्या मशिनावर हाय. मी घरी जाऊन रडलो. तुम्हाला शिव्या दिल्या. खोटं कशाला सांगू?"

"दे की. आत्ता दे."

"आत्ता काय उपयोग?" तिनं वाकून मशिनाच्या डोक्यावरचा गाळ तळहातानं निपटला. "रॉकेल हाय का घरात?"

रॉकेल होतं. जुनी धोतरं होती, पॉलिश पेपर होता. तिनं मला स्क्रू सोडवायला शिकवलं. पाणी काढायचं, मग गोड्या पाण्यानं गाळ धुवायचा, मग उन्हात, मग रॉकेल, मग तेल. शटल कसं निघतं, दात्यांत अडकलेला गाळ जुन्या ब्रशनं कसा काढायचा, सगळं. तिचं आधी केलं. मग ती म्हणाली, "आता ताईंची घेऊ." मी म्हटलं, "तू कशाला?" ती म्हणाली, "मी ताईंसाठी करतोय, तुमच्यासाठी नव्हं." तेही बरोबर होतं.

आठ दिवस ती दुपारी दोन तास येत होती. व्हरांड्यात गोणपाट अंथरून आम्ही समोरासमोर बसायचो. सुकुमार जेवायला यायचा, जायचा. माझ्याशी बोलत नव्हता. मी त्याच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

सहाव्या की सातव्या दिवशी मी एक चाक घासता घासता म्हणाले, "तुमच्या ताई फार मोठ्या मनाच्या होत्या, नाही?"

मला तिच्याबद्दल आपणहून बोलायचं होतं. कदाचित शिक्षा म्हणून.

बिल्कीस हसली. "कोण? ताई?"

"मग?"

"वहिनी, माझी शर्टाची कॉलर ताईंपेक्षा बरी बसायची. एकदा एका गिऱ्हाइकानं त्यांच्या तोंडावर तसं सांगितलं. महिनाभर मला नुसती काजं करायला बसवलं त्यांनी. कात्रीला हात लावू दिला नाही. लताला विचारा. वर म्हणायच्या, तुझी काजं अजून कच्ची आहेत."

"खरं?"

"अल्लाशपथ. शेवटी मी रडलो तेव्हा म्हणाल्या, जा, शिव तुझी कॉलर. आणि मग दुसऱ्या दिवशी गुपचूप माझी कॉलर उसवून बघत होत्या, आत कशी दुमडलीय ते. मी दारातनं बघितलं."

मी हसायला लागले. मला आवरेना. हातातलं रॉकेलचं फडकं तोंडाशी धरून मी हसत होते आणि त्यात रडतही होते. अकरा महिने मी जिच्याशी झुंजत होते ती बाई रात्रंदिवस फळ्यावर देखण्या अक्षरात लिहीत बसलेली होती. ही दुसरी त्रिशला, बिल्कीसची कॉलर उसवून बघणारी, मला आधीच भेटली असती तर आमचं जमलं असतं.

दारात सुकुमार उभा होता. कधी आला होता कुणास ठाऊक.

"मला म्हणायची," तो म्हणाला, "त्या बिल्कीसला मी जरा जास्तच शिकवून बसले."

बिल्कीस खदखदून हसली. तोही हसला, ओठ दाबून. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "चहा टाकशील?" आठवडाभरानं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यानं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. पुढची दोन-तीन वर्षं भांडणात कधी तरी तो 'किल्ली' एवढाच शब्द म्हणायचा आणि मी गप व्हायची. पण संसार पुढं चालू राहिला. चांगला चालला.

सहापैकी चार मशिनं सुधारली. बिल्कीसचं सुधारलं, फक्त टाका मधूनच सुटायचा, तो कायमचाच. त्रिशलाची तीन आम्ही क्लासच्या बायकांना दिली, दोन भंगारात गेली. दसऱ्याला बिल्कीस हातगाडा घेऊन आली आणि तिचं मशीन घेऊन गेली.

त्याला आता सोळा वर्षं झाली. माझे सगळे ब्लाउज तीच शिवते आणि खांद्यात ते कधी चुकत नाहीत. तिच्या धाकट्या मुलीच्या लग्नात मी तीन दिवस राबले. ईदला तिच्याकडून आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात केलेला शिरखुर्मा येतो. आमच्यात बोलायचं राहिलेलं असं काही नाही.

पण जूनमध्ये तिनं मशीन पुन्हा कधी आमच्याकडं आणलं नाही.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा भोंगा फिरला. मी फाटकात उभी होते, तेवढ्यात समोरून ती आली. गाड्यावर मशीन, त्यावर प्लास्टिकचा कागद दोरीनं बांधलेला. आता तिचेही केस पिकलेत.

"बिल्कीस," मी म्हणाले, "आमची माडीवरची खोली रिकामी आहे. तळघरात नव्हे, वरची."

ती थांबली. ओढणीनं तोंड पुसलं.

"असू द्या वहिनी. लताकडं सांगून ठेवलंय."

"बरं," मी म्हणाले.

लताचं घर गल्लीच्या चढावर. पाऊस लागला होता आणि गाडा जड होता. मी चपला फाटकातच काढल्या, साडी खोचली आणि मागून गाड्याला हात लावला. तिनं मागं वळून पाहिलं. नको म्हणाली नाही. आम्ही दोघींनी तो चढावर नेला.